दुसरा नारळ

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूच नका. आजवर एकाही माणसाने मानलेलं नाही. आमच्या घरचं मांजरसुद्धा गोष्ट अर्ध्यावर आली की अंग झाडून उठून जातं. तरी या कांदळबंदराच्या वाळवणावर बसून, समोरच्या खाडीची शपथ घेऊन सांगतो: एका दुपारी मी समुद्रातल्या अख्ख्या ताफ्याला अनाथ केलं, आणि अनाथ झाला म्हणूनच तो ताफा जगला.

ती पलीकडे सुके बांगडे उलटते आहे ना, ती दर्शना. माझी बायको आणि या बंदराची तांडेल, म्हणजे होड्यांच्या ताफ्याची म्होरकी. ती या गोष्टीत आहे. पण साक्षीदार म्हणून तिच्याकडे बघू नका, ती कामात आहे.

"हात कामात आहेत," दर्शना तिकडूनच म्हणाली. "कान मोकळे आहेत."

ऐकलंत? सुरू करायच्या आधीच धमकी. असो. भरती येईपर्यंत तुमची फेरीबोट काही सुटत नाही, तेव्हा पाहुणे, ते उलटं टोपलं घ्या आणि बसा.

तेव्हा होड्यांवरून खलाशी नुकतेच उतरले होते. होड्या आपल्या आपण जात, आपल्या आपण जाळं टाकत आणि मासळी घेऊन परत येत. सुकाणूच्या जागी एक हिरवा डबा बसवलेला. त्या डब्यात जे चालतं त्याला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस म्हणजे चालता प्रोग्राम; कागदावरची पाककृती नव्हे, चुलीवर रटरटणारी आमटी. एका होडीला एक प्रोसेस.

आता ही प्रोसेस एकटीदुकटी नसते बरं. संगणकांमध्ये युनिक्स नावाचं एक जुनं घराणं आहे. त्याच्या रीतीभाती या डब्यांत जशाच्या तशा उतरल्या होत्या. जन्माला आली की प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा नंबर मिळतो. एका कामावर निघालेल्या प्रोसेस मिळून एक गट होतो, आणि गटाला ओळख म्हणून मुख्याचाच नंबर लागतो. आपण तेव्हाच्या तांडेलाच्या नावाने 'जनार्दनाची माणसं' म्हणतो ना, तसं. गटाला 'थांब' म्हटलं की झाडून सगळी थांबतात, एकेकीच्या मागे धावावं लागत नाही. आणि असे सगळे गट ज्या एका घरातून निघाले, ते घर म्हणजे सेशन. घराला दार एकच. त्याला टर्मिनल म्हणायचं. माणसाची हाक त्या दारातून आत जाते. पण दाराशी एका वेळी एकच गट उभा राहतो. बाकीचे माजघरात मुकाट काम करतात.

"आणि माजघरातल्याला काही विचारायचं असलं तर?" चष्मेवाल्या पाहुण्यांनी विचारलं.

शाबास, प्रश्न बरोबर जागी पडला! तो दाराशी यायला बघतो आणि तिथल्या तिथे गोठतो. मग कोणी पुढे बोलावेपर्यंत हूं नाही की चूं नाही. आमचे गट मासळीवरून पडलेले: बांगड्याचा, सुरमईचा आणि माकुळाचा, म्हणजे त्या दहा हातांच्या स्क्विडचा. माकुळाच्या होड्या तर आमच्याकडे रोजच रुसायच्या. 'जाळं फाटलंय, काय करू?' एवढं विचारायचं असायचं, पण मी दाराशी बांगड्याचा गट घेऊन बसलेला. दुपारी बघावं तर माकुळाचा गट खाडीत नवऱ्यावर रागावून माहेरी आलेल्या बाईसारखा उभा.

"उदाहरणं नीट दे," दर्शना म्हणाली.

बरं. तर ते दार म्हणजे जेट्टीवरची केबिन आणि मागच्या टेकडीवरचा मनोरा. दाराशी बसणारा मी. आणि सगळ्यात वाईट रीत आता ऐका. दारच कोसळलं तर काय? तर घरातल्या सगळ्यांना निरोप जातो, 'हाक मारणारा गेला, आटपा!' फोन आपटल्यासारखा. तो निरोप मिळाला की आमच्या होड्या इंजिन बंद करत. कंपनीने मुद्दाम तसं ठेवलेलं. बिनहाकेची होडी भलत्या देशाच्या पाण्यात जायला नको. शहाण्या प्रोसेसना या निरोपापुरते कान बुजवून घेता येतात म्हणे, पण आमचे डबे सीलबंद आलेले. शांत समुद्रात ठीक आहे. इंजिन बंद, होडी डुलते, कोणीतरी जाऊन दोर लावतं. वादळात बंद पडली की ती होडी नव्हे, नुसता ओंडका.

हे सगळं टाळता आलं असतं. कंपनीचा साठे नावाचा इंजिनिअर सांगून थकला, "प्रत्येक गटाला वेगळं सेशन द्या हो. वेगळं घर, वेगळं दार. एक कोसळलं तरी बाकीचे तरतील."

पण कांदळबंदरात दर्शनाचे वडील तांडेल होते. जनार्दन तांडेल. सगळं बंदर त्यांना दादा म्हणायचं. उभे राहिले की सूर्याची तिरीप अडायची, आणि बसायचे फारच कमी.

"साठेसाहेब," दादा म्हणाले, "इथे हंगामाला एकच नारळ फुटतो. मी फोडतो. त्या एका नारळावर सगळ्या होड्या पाण्यात जातात. वेगळी घरं म्हणजे वेगळे नारळ. दुसरा फोडला की पहिला खोटा झाला. समुद्राला एकदा शब्द दिला तो दिला."

"ही तांत्रिक बाब आहे हो, यात नारळ कुठून आला?"

"तुमच्या कंपनीच्या उद्घाटनाला कुठून आला होता?"

साठे म्हणाला, "तुमची मर्जी." आता 'तुमची मर्जी' म्हणणारा माणूस गाडीत बसून निघून जातो, मर्जी मात्र मागे राहते. एक नारळ, एक तांडेल, एक केबिन, एक मनोरा. सगळे गट एकाच सेशनमध्ये. वर दादांचा दंडक असा की तांडेल होडीवर असलाच पाहिजे. तेव्हा त्या बिनमाणसाच्या ताफ्यात पुढच्या होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, प्लॅस्टिकची एक लाल खुर्ची बांधलेली, आणि तीवर हे बसलेले, हातावर हात ठेवून. करायला काही नाही. फक्त त्यांच्या अंगठ्याने डबा सुरू होई आणि त्यांच्याच अंगठ्याने बंद. 'तेवढं एक मी कंपनीला काढून घेऊ दिलं नाही,' असं दादा सांगत.

माझी तिथे गत काय? मी मिरजेचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॅलेंडरवर. पोटापाण्यासाठी केबिनमध्ये आलो आणि डब्यांची देखभाल करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडलो. तीच ही. लहानपणी ही आईबरोबर ओहोटीला खडकांत कालवं काढायला जायची, पण ते सोडा, त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही.

दादांकडे मागणी घातली. ते म्हणाले, "चल, होडीतून म्हातारीच्या दातांपर्यंत जाऊ. तिथे बोलू."

म्हातारीचे दात म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेले खडक. भरतीला दिसत नाहीत, पण असतात. मी होडीत बसलो. जेट्टीचा दोर अजून सुटायचा होता, तेवढ्यात सकाळचे पोहे बाहेर.

दादांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "याला मुलगी दिली तर वरातसुद्धा पायीच काढावी लागेल," म्हणाले. विषय संपला. होडीत जो टिकत नाही तो जावई नाही, असा निकाल झाला.

आणि मग ती दुपार आली.

पाऊस हंगामाचा निरोप घेऊन गेला होता, आभाळ धुतल्या ताटासारखं होतं. जेवून मी केबिनमध्ये बसलो आणि ढेकर द्यायला तोंड उघडलं तर पश्चिमेकडून काळं काहीतरी धावत येताना दिसलं. वारा असा की जेट्टीवरचा बर्फाचा ट्रक उलटा चढावर निघाला. हे खरं मानू नका. पण एक सीगल पक्षी उडत होता तो जागच्या जागी उभा राहिला आणि मग पाठीमागे गेला, हे मात्र मी या डोळ्यांनी पाहिलं.

माकुळाचा गट नेहमीप्रमाणे खाडीत रुसून बसला होता. वाचला! सुरमईवाला बंदरात होता. बाहेर एकच गट, बांगड्याचा, म्हातारीच्या दातांच्या पलीकडे. आणि त्याच्या पुढच्या होडीत लाल खुर्चीवर दादा.

इतक्यात मागे टेकडीवर खण्‌कन आवाज झाला. मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारांतली एक तुटली. मनोरा वाकला.

दर्शना धावत आत आली, केसांतून पाणी गळत होतं. "किती वेळ टिकेल?"

"बाकीच्या तारा ठरवतील," मी म्हणालो. "पडला की दार गेलं. दार गेलं की निरोप. निरोप गेला की..."

"इंजिनं बंद. आणि वारा सरळ दातांवर ढकलतोय." तिने मला खुर्चीतून जवळजवळ ढकललंच. "त्यांना घराबाहेर काढ. पुढच्या होडीला सांग, स्वतःचं सेशन सुरू कर. वेगळं घर झालं की इथला निरोप तिला लागणार नाही."

मी हुकूम दिला. डब्याने उत्तर पाठवलं: परवानगी नाही. पुन्हा दिला. परवानगी नाही. मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला. परवानगी नाही.

पाहुणे, हे नीट ऐका, सगळी गोम इथे आहे. नवं सेशन सुरू करणाऱ्या प्रोसेसचाच नंबर त्या नव्या घराला लागतो आणि घरातल्या पहिल्या गटालाही लागतो. पण गटाच्या मुख्याचा नंबर तर जुन्या घरात त्याच्या गटाला आधीच लागलेला. तो मुख्या नव्या घरी गेला तर एकच नाव दोन घरांत! जनार्दनाची माणसं इथेही आणि तिथेही. म्हणून घराण्याचा नियम आहे: जो गटाचा मुख्या आहे त्याला नवं घर मांडता येत नाही. बाकी कोणालाही येतं. त्याला नाही.

मी कपाळावर हात मारला. दर्शना मात्र पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे दादाच आहेत."

"कोण?"

"हा डबा. ज्याने पहिला नारळ फोडला त्याला दुसरा फोडता येत नाही. रीत तीच आहे, नितीन." मग तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "मुख्याला येत नसेल. त्याच्या पोराला येईल?"

येईल! प्रोसेसला पोर होतं. ती आपल्यासारखीच दुसरी प्रोसेस जन्माला घालते. पोराला नंबर नवा. ते राहतं बापाच्याच गटात, पण मुख्या नसतं. म्हणजे त्याला घर सोडायला कसलीच आडकाठी नाही. ते उंबरठा ओलांडतं, नवं सेशन मांडतं, तिथला मुख्या होतं, आणि मग स्वतःची पोरं जन्माला घालून एकेका होडीवर पाठवतं. होड्या आपसात जवळून बोलतातच, त्याला मनोरा लागत नाही. फक्त एक अट. एका सुकाणूवर दोन हात चालत नाहीत. पोर निघालं की बापाने जुन्या गटासकट संपायचं. आणि बापाला संपवणारा अंगठा होता लाल खुर्चीवर.

टेकडीवर दुसरी तार गेली.

दर्शनाने बोलायचं बटण दाबलं. "दादा! ऐकू येतंय?"

"येतंय गो," दादांचा आवाज लाटांत बुडून वर येत होता. "वारा बरा आहे आज."

"दादा, डब्यावर अंगठा ठेवा आणि बंद करा."

"काय म्हणतेस?"

"जुना बंद करा. त्याच्यातूनच मी नवा काढलाय, तो चालू होईल. नव्या घरात. नव्या नारळावर."

 मग दादा म्हणाले, "हंगामाचा नारळ फुटलाय, बाय. मी फोडलाय."

"म्हणूनच तुम्हाला दुसरा फोडता येत नाही. मला येतो. मी कुठे फोडलाय?"

"मी होडीवर जिवंत बसलोय आणि माझ्या ताफ्याला दुसरा तांडेल?"

"दुसरा नाही, दादा," ती म्हणाली. "दुसरी."

टेकडीवर तिसरी तार तुटली. चढ्या आवाजात 'नाही' म्हणायची त्या माणसाला उभ्या जन्माची सवय. खुर्चीखाली समुद्र, समोर खडक, आणि पोटची पोर सांगतेय की हात उचला, तरच वाचाल. मी दर्शनाचा हात धरला होता की तिने माझा, आठवत नाही.

"नारळ आहे का तिथे?" दादांनी विचारलं.

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. केबिनमध्ये नारळ! पण होता. सोलकढीसाठी आणलेला, माझ्या पिशवीत. तिने तो उचलला, यंत्राच्या लोखंडी कडेवर एकच घाव घातला, आणि पाणी पडद्यावर, बटणांवर, माझ्या विजारीवर. आवाज थेट मनोऱ्यातून समुद्रात गेला.

"फुटला," ती म्हणाली.

"ऐकला," दादा म्हणाले. "समुद्रानेही ऐकला. घे तर. तुझा ताफा."

आणि त्यांनी अंगठा ठेवला.

क्षणभर पडद्यावर बांगड्याचा गट नाहीसा झाला. मग काळ्या पडद्यावर एक नवा नंबर लागला. मग त्याच्या पाठोपाठ त्याची पोरं, एकेका होडीवर एकेक, पेटत्या पणत्यांसारखी. उंबरठा ओलांडून पलीकडे! मी टेबलावर चढून नाचलो. आता मनोरा पडो, टेकडी पडो, निरोप जाईल तो रिकाम्या घरात जाईल.

"म्हणजे जिंकलात!" पाहुणे म्हणाले.

थांबा हो, घाई नको. कारण नव्या घराला दारच नसतं. नवं सेशन मांडलं की जुनं टर्मिनल सुटतं. हाक नाही, हाकारा नाही. थोडा वेळ, त्या सगळ्यांची मांडामांड पुरी होईतो, डबा जुन्या वाटेने शेवटचं ऐकून घेतो. मग कायमचा बहिरा. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी त्या होड्यांना हाक मारता येणार नाही. अनाथ म्हणालो ते यासाठी.

दर्शना पडद्याला तोंड लावून पुटपुटत बसली होती. डोळे मिटलेले, ओठ भराभर हलत होते. माणूस संकटात देवाचं नाव घेतो, तिने घेतलं, मला त्याचा राग नाही. पण अशा वेळी कोणीतरी काहीतरी करायला हवं ना? दादांचा शंख केबिनच्या खुंटीला होता. मी तो ओढला आणि जेट्टीकडे धावलो.

मी दारातून बाहेर पडतोय आणि मागे मनोरा कोसळला. असा कोसळला की खाडीतलं पाणी दोन्ही काठांना गेलं आणि मधे माकुळाचा गट चिखलात उभा दिसला. निरोप सुटला. सुरमईच्या होड्या बंदरातल्या बंदरात गपकन बंद झाल्या. माकुळाच्या तर बंदच होत्या. आणि तिकडे बाहेर, म्हातारीच्या दातांपाशी, इंजिनं चालूच! धूर नाही, आवाज नाही, पण पाण्याची पांढरी रेघ दिसत होती, ती तुटली नाही.

पण वाट? दातांतून वाट कोण दाखवणार? पाहुणे, त्या जेट्टीच्या टोकाला, गुडघ्याएवढ्या पाण्यात, मिरजेचा हा माणूस उभा राहिला आणि त्याने शंख फुंकला. असा फुंकला की वाऱ्याने माघार घेतली. डावीकडे फुंकला, होड्या डावीकडे वळल्या. उजवीकडे फुंकला, उजवीकडे. शेवटच्या दोन सुळ्यांच्या मधे जेमतेम एका होडीची फट आहे, तिथे मी दम धरून एक लांब सूर लावला, आणि एकामागून एक, सुईत दोरा ओवावा तशा, सगळ्या होड्या आत! एकीचाही रंग खरवडला नाही. सगळ्यात पुढे लाल खुर्ची, आणि तीवर दादा, चिंब भिजलेले, हातावर हात.

अख्खं बंदर जेट्टीवर जमलं होतं. बायका ओरडत होत्या, थाळ्या वाजत होत्या, कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. दादा उतरले. आधी लेकीसमोर उभे राहिले आणि डोक्यावरचं तांडेलाचं लाल मुंडासं काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. तेव्हापासून इथे प्रत्येक गटाला वेगळं सेशन आहे, आणि हंगामाला जितके गट तितके नारळ. तुम्ही खोबऱ्याची वडी खाल्लीत ना मघाशी? त्यातलीच.

मग दादा माझ्याकडे वळले. "शंख कोणी फुंकला?"

"मी," म्हणालो.

"होडीत पोहे टिकत नाहीत, पण छातीत दम आहे," म्हणाले. "तुझ्या शंखाने माझा ताफा घरी आला. पोरगी तुझी!"

खाडीत भरती चढायला लागली होती. बांगड्यांची टोपली कमरेवर घेऊन दर्शना आमच्यापाशी आली आणि उभी राहिली.

"ब्रह्मदेवाची हाकही ज्यांना ऐकू येत नाही म्हणालास, त्या होड्यांना तुझा शंख कुठून ऐकू आला रे, मेल्या?" ती म्हणाली. "आणि मी काय देवाचं नाव घेत होते? दार मिटायच्या आत त्यांना दातांमधली वाट सांगत होते, कालवं काढायला जायचे ती!"